एआय आल्यावर पगार नक्की कशाचा मिळणार?

खडकीकर

अप्रेजलचा हंगाम आहे. आमच्याकडे जो फॉर्म येतो त्यात वर्षानुवर्षं तेच रकाने: टीमने किती टेस्ट केसेस (सॉफ्टवेअर तपासायच्या कसोट्या) लिहिल्या, किती चालवल्या, किती बग काढले. यंदा भरायला बसलो आणि हात थांबला. कारण केसेस आता टूल लिहितं. रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट आत टाकायचं, खाली जाऊन चहा मारून यायचं, वर येईपर्यंत तीनशे केसेस तयार असतात.

मी हिंजवडीत टेस्टिंग लीड आहे. पूर्वी कॉलेजातून आलेली पोरं पहिलं वर्षभर फक्त हेच करायची. महाकंटाळवाणं काम. पण ते करता करता क्लायंटचा धंदा डोक्यात उतरायचा.

हल्लीचंच उदाहरण देतो. एका पतसंस्थेसाठी ॲप. पिग्मी एजंट दुकानादुकानांतून पैसे गोळा करणार, मोबाइलवर नोंद करणार, कमरेच्या छोट्या प्रिंटरवरून पावती देणार. टूलच्या केसेस बघण्यासारख्या होत्या. नावात इमोजी टाकला तर? रक्कम उणे टाकली तर? पासवर्ड शंभर अक्षरी असला तर? सगळं बिनचूक. पण एजंटने शनिवारी संध्याकाळी रेंज नसलेल्या वस्तीवर पैसे घेतले, रविवारी संस्था बंद, नोंद सर्व्हरवर चढली सोमवारी दुपारी, तर पैसे शनिवारचे धरायचे की सोमवारचे? आणि सोमवारी सकाळीच खातेदाराने शाखेत येऊन खातं बंद केलेलं असलं तर? हे डॉक्युमेंटमध्ये कुठेच नव्हतं, त्यामुळे टूललाही सुचलं नाही. टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलीने ते काढलं. तिचे वडील पिग्मी गोळा करतात.

आता तिच्या फॉर्ममध्ये 'लिहिलेल्या केसेस' या रकान्यात जेमतेम आकडा आहे आणि टूल वापरून ढीग पाडणाऱ्याचा आकडा डोळे दिपवणारा.

टीसीएसने जुलै २०२५ मध्ये दोन टक्के म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा वरून सांगितलं गेलं की हे एआयमुळे नाही, कौशल्यं जुळत नाहीत म्हणून. बरं, मान्य. पण मग जुळणारं कौशल्य कोणतं, हे कुणी नीट सांगेल का? वेगवेगळ्या धंद्यांतली मंडळी इथे आहेत, म्हणून धागा काढला. 'प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग (एआयला नेमकं कसं विचारायचं ते) शिका' एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको.

मनवा

वाचतेय. शेवटच्या वाक्याला +१.

सोलापुरी_चादर

मी सीए आहे, सोलापुरात छोटी फर्म. आमच्याकडेही तेच चाललंय, फक्त नाव वेगळं. आमच्या आर्टिकल्सचं (फर्ममध्ये सीएचं काम शिकणाऱ्या मुलांचं) पहिलं काम व्हाउचिंग. पावत्यांचे गठ्ठे घेऊन बसायचं, एकेक पावती पुस्तकाशी ताडायची. पोरं वैतागतात. आता पावतीचा फोटो काढला की रक्कम, तारीख, जीएसटी नंबर सगळं आपोआप उचललं जातं.

पण व्हाउचिंगमध्येच डोळा तयार होतो हो. एका क्लायंटकडे गाडी दुरुस्तीच्या पावत्या होत्या, तीन महिन्यांच्या, एकाच गॅरेजच्या. रकमा रास्त, तारखा रास्त. आर्टिकल म्हणाला, मॅडम, ह्यांचे नंबर लागोपाठ कसे? तीन महिन्यांत त्या गॅरेजला दुसरं गिऱ्हाईकच आलं नाही?

बाकी जमाखर्च कुणीही मांडेल. शेवटी रिपोर्टखाली सही माझी, २०१९ पासून प्रत्येक सर्टिफिकेटवर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, माझ्या मेंबरशिप नंबरातून निघतो. उद्या लफडं झालं तर नोटीस मला येणार, सॉफ्टवेअरला नाही. क्लायंट पैसे देतो ते ह्या जबाबदारीचे.

बे_एरियातला_बंड्या

सोलापूरताई, तो लागोपाठ नंबरांचा प्रकार मशीन चुटकीसरशी पकडेल. मी असलंच काहीतरी बनवतो.

सोलापुरी_चादर

पकडेल की. त्याला आधी कुणीतरी विचारायला हवं ना, की नंबर लागोपाठ आहेत का बघ. ते विचारायचं कुणाला सुचणार? ज्याने दोन वर्षं पावत्या उपसल्यात त्याला. आता तर २०२३ च्या नव्या स्कीममध्ये आर्टिकलशिपच तीन वर्षांवरून दोनवर आली. त्यातलं व्हाउचिंगही काढून घेतलं तर उरलं काय, एक्सेल उघडणं?

बे_एरियातला_बंड्या

हा मुद्दा मात्र मान्य. इकडे नेमकं तेच दिसतंय. स्टॅनफर्डच्या मंडळींनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारपत्रकांचा डेटा तपासला. एआयचा जिथे जास्त वावर आहे अशा कामांत २२ ते २५ वयाच्या मुलांच्या नोकऱ्या इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घसरल्या. त्याच कामातल्या मोठ्या वयाच्या लोकांना फारसा धक्का नाही. म्हणजे पुस्तकी ज्ञान स्वस्त झालं, अनुभव अजून टिकून आहे.

पण अनुभवी लोकांनीही फार हुरळून जाऊ नये. मेटर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये १६ कसलेले ओपन सोर्स प्रोग्रामर घेतले, त्यांच्याच ओळखीच्या कोडवर एआय देऊन आणि न देऊन काम करायला लावलं. एआय घेतलं तेव्हा ते १९ टक्के सावकाश चालले. गंमत म्हणजे काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के झपाट्याने केलं. टूल्स तेव्हापासून बरीच सुधारली, आकडे आज वेगळे येतील. मला त्यातलं घ्यायचं ते वेगळंच आहे: काम किती वेगाने झालं हे स्वतः करणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. आणि मॅनेजर मात्र त्या वेगावर इन्क्रिमेंट ठरवणार.

पेन्शनर_पाध्ये

खडकीकर, तुमचा धागा वाचून जुने दिवस आठवले. मी १९७८ साली राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो. आमच्या शाखेत एक गृहस्थ होते, लेजरच्या रकान्यावरून पेन्सिलीचं टोक वरून खाली नेत आणले की तळाशी बेरीज लिहून मोकळे. पैसे-आण्याचा फरक नाही. डिसेंबरच्या क्लोजिंगला मॅनेजरसाहेब त्यांची सरबराई करत. रात्री बॅलन्स जुळेना झाला की आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचो.

मग १९८३ चा संघटनेशी करार झाला, १९८४ ला बँकांच्या संगणकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल आला आणि मागोमाग शाखांमध्ये ती लेजर पोस्टिंगची मशिनं, एएलपीएम. बेरीज हे काम म्हणूनच उरलं नाही. त्या गृहस्थांना कुणी काढलं नाही, पगारही कापला नाही, पण त्यांना विचारेनासे झाले. त्यांच्याऐवजी भाव कुणाला आला? ज्याला गावातली कुळं ठाऊक होती त्याला. कर्जाच्या अर्जावर कुणाचा जामीन खरा, कुणाचा नुसता सहीपुरता, हे जो ओळखत होता तो पुढे फील्ड ऑफिसर झाला.

इथपर्यंत तुमच्या म्हणण्याला पुष्टीच आहे. पण एक गोष्ट तुम्ही तरुण मंडळी विसरता. मशीनवर बसणाऱ्याला तेव्हा वेगळा भत्ता होता, स्पेशल अलाउन्स. तो बँकेने मायेपोटी दिला नव्हता. संघटनेने टेबलावर बसून मागून घेतला. मशिनं किती, कुठल्या शाखेत, कुठल्या कामाला, हेसुद्धा करारात लिहून घेतलं. आम्हाला तेव्हा लोक प्रगतीचे शत्रू म्हणायचे, असो.

तुमच्या आयटीत हे मागणार कोण?

आणि फार गोड चित्रही नको. पुढे २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्तीत) सरकारी बँकांतून लाखभर माणसं बाहेर पडली. नवी भरती तर कित्येक वर्षं जवळजवळ बंदच होती.

चिवडा_पार्सल

काका जोरात! अवांतर: पैसे-आणे १९५७ लाच गेले ना? ;)

पेन्शनर_पाध्ये

गेले, पण बोलण्यातून अजून गेलेले नाहीत. तुमचं लक्ष बरोबर तिथेच.

सांगलीचा_छापखाना

आमच्या तीन पिढ्या ह्यात गेल्या. आजोबांचा ट्रेडल, वडील खिळे जुळवायचे, मी डीटीपीवर आलो. श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर शिकलो तेव्हा तालुक्यात मोजकेच ऑपरेटर, लोक लग्नपत्रिकेसाठी माझ्या दारात ताटकळत. आता गिऱ्हाईक मोबाइलवर एआयने केलेलं डिझाइनच घेऊन येतं आणि म्हणतं, नुसतं फ्लेक्सवर मारून द्या. डिझाइनचे पैसे? 'कसले डिझाइनचे पैसे, दोन मिनिटांत झालं.'

तरी दुकान चालतंय, ते का ते सांगतो.

परवा एका कार्यकर्त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. पोराने चकाचक बनवून आणला होता. मागे वाघ, धूर, सोनेरी अक्षरं, उत्सवमूर्ती गॉगलात. वर नेत्यांच्या फोटोंची रांग. मी बघितलं आणि म्हटलं, बाबा, हा चौथा फोटो कुणी सांगितला? हे साहेब दोन महिन्यांपूर्वी पलीकडे गेले. आणि हे तालुकाध्यक्ष यांच्यापेक्षा मोठे दिसतायत, हे लावलंस तर उद्या तुझाच नेता तुला गाडीत घेणार नाही. २०२२-२३ मध्ये दोन दोन पक्ष फुटल्यापासून कुणाचा फोटो कुणाशेजारी चालतो ह्याचा हिशेब आमच्याच डोक्यात असतो. रात्री अकराला पोरं फोन करतात ती ह्यासाठी. शुभेच्छुकांच्या खालच्या रांगेत तर कुणाचं नाव राहिलं की मारामारीच.

गोम अशी की बिल मात्र चौरस फुटानेच होतं. हे जे शहाणपण आहे ना, त्याला माझ्या बिलबुकात ओळ नाही. मी त्या पोराला म्हणू शकत नाही की फोटो काढून टाकायला सांगितला त्याचे पाचशे.

खडकीकर

छापखानेवाले दादा, _/\_ हे 'बिलबुकात ओळ नाही' म्हणजे माझ्या फॉर्मचंच दुखणं. मी यंदा त्या मुलीसाठी शेऱ्यात सविस्तर लिहिलं. एचआरने परत पाठवलं: सिस्टम फक्त आकडा घेते.

काका, आमच्याकडे आजही कित्येक क्लायंटना बिल जातं ते डोक्यांवर आणि तासांवर. म्हणजे टूलने काम निम्म्या वेळात झालं की आमचं बिलिंगच निम्मं. मग क्लायंट म्हणतो, फरक आम्हाला द्या. कंपनी म्हणते, माणसं कमी करा. ज्याने टूल शिकून वेळ वाचवला त्याच्या हातात काही नाहीच. उलट दोन दिवस बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसला की रिसोर्स मॅनेजरचे फोन सुरू.

सई_ऐरोली

मी कस्टमर सपोर्टमध्ये. आधी कॉल, आता बहुतेक चॅट. आमच्या क्षेत्रावर एक अभ्यास गाजला, ब्रिन्जॉल्फसन, ली आणि रेमंड यांचा. पाच हजारांहून जास्त सपोर्ट एजंट. ग्राहकाशी चॅट चालू असताना बाजूला एआय सुचवणार, असं उत्तर द्या. २०२३ च्या मसुद्यात आकडे असे होते की तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांच्या जवळपास तेवढ्याच राहिल्या. बातम्यांत ह्याचा अर्थ लावला गेला: एआय सगळ्यांना वर आणतं.

आम्ही ऐरोलीत बसून वाचलं तेव्हा अर्थ वेगळा लागला. त्या एआयला शिकवलं कशावरून? जुन्या चॅट्सवरून. चांगल्या एजंटांनी ग्राहकाला कसं शांत केलं, कुठला प्रश्न आधी विचारला, त्यावरून. म्हणजे माझी हातोटी माझ्याच चॅटमधून उचलली आणि काल आलेल्या मुलाच्या स्क्रीनवर दिली. त्या मुलाचं भलं झालं, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण आधी टीममध्ये मी पहिली यायचे, इन्सेंटिव्ह मिळायचा. आता सगळ्यांचेच आकडे सारखे, तर इन्सेंटिव्ह कशाला? बंदच झाला.

बंड्या म्हणतोय अनुभव टिकतो. कुठला टिकतो? जो लिहून ठेवला गेलेला नाही तो. आमचा तर प्रत्येक शब्द रेकॉर्ड होतो.

बे_एरियातला_बंड्या

सई, मुद्दा बिनतोड आहे. त्या लेखकांनीही हे नोंदवलंय, की ज्यांच्या चॅटमधून मशीन शिकलं त्यांना त्याचा मोबदला मिळत नाही.

तरी एक सांगतो. क्लार्ना नावाच्या स्वीडनच्या कंपनीने २०२४ मध्ये ऐटीत जाहीर केलं की आमचा चॅटबॉट ७०० एजंटांचं काम करतो. पुढच्याच वर्षी त्यांचा प्रमुख सांगत होता की दर्जा घसरला, ग्राहकाला माणूस मिळायला हवा, पुन्हा भरती करतोय.

सई_ऐरोली

हो, पण ती नवी भरती कोणत्या अटींवर? घरून, हवं तेव्हा, कामापुरतं, असंच वाचलं होतं. नोकरी परत आली, पक्कीपणा नाही आला.

डॉ_क्ष

रेडिओलॉजिस्ट, नाशिक. आमच्याबद्दलची भविष्यवाणी तर प्रसिद्धच आहे. जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत मशीन पुढे जाईल. त्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, मला अजून सुट्टी मिळत नाही.

थट्टा बाजूला. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे वाचणारी सॉफ्टवेअर चांगलीच आहेत. पंधरा वर्षांवरच्या व्यक्तींसाठी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यांना मान्यता दिली. जिथे रेडिओलॉजिस्टच नाही तिथे ती देवासारखी. पण मशीन लाल खूण करतं, पेशंट घाबरून माझ्याकडे येतो, मी विचारतो जुनं काही आहे का. तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीतून, रेशनकार्डाच्या शेजारून, आठ-दहा वर्षांपूर्वीची फिल्म निघते. दोन्ही उजेडावर धरल्या की दिसतं, डाग तेव्हाही तिथेच, तेवढाच होता. जुना भरलेला व्रण. मशीनला ती पिशवी दिसत नाही.

सोलापूरच्या मॅडमचं सहीबद्दलचं म्हणणं आम्हालाही लागू. मात्र त्यात एक खाच आहे. नुसत्या सहीचे पैसे मिळायला लागले की लोक न बघता सही करू लागतात. ऑस्ट्रेलियात डेलॉइटने सरकारला दिलेला ४ लाख ४० हजार डॉलरचा अहवाल आठवा. त्यात नसलेल्या संशोधनांचे संदर्भ निघाले, २०२५ मध्ये काही पैसे परत करावे लागले. त्या अहवालावरही कुणाचं तरी नाव होतंच की. रोज दोनशे फिल्म्सवर 'मशीनशी सहमत' म्हणून टिचकी मारणारा डॉक्टर पाच वर्षांनी डॉक्टर म्हणून किती उरेल, मला शंका आहे.

सोलापुरी_चादर

डॉक्टर, खाच मान्य. म्हणूनच मी आर्टिकल्सना अजूनही महिन्यातून एक गठ्ठा हाताने करायला लावते. पार्टनर म्हणतात वेळ वाया जातो. जाऊ दे.

नवाकोरा

मी नांदेडहून, यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालं. कॅम्पसला यंदा कंपन्या कमी आल्या. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. सगळे म्हणताय अनुभव हवा आणि तो ज्या कामातून यायचा ते काम आता मशीन करतं. मग मी नक्की काय करू? पिग्मी एजंटचा मुलगा होणं तर आता शक्य नाही.

सांगलीचा_छापखाना

हाहा, पोरगं तयार आहे!

खडकीकर

कळीचा प्रश्न. माझ्यापुरतं सांगतो, इंटरव्ह्यूला मी आता कोडिंगचे प्रश्न कमी केलेत. उमेदवाराला टूलचंच उत्तर देतो, छापलेलं, आणि म्हणतो, यात काय सुटलंय ते सांग. बहुतेक जण स्पेलिंग शोधतात. ज्याला एखादा धंदा आतून माहीत आहे तो दहा मिनिटांत तीन भोकं दाखवतो. धंदा कुठलाही चालेल. घरी दूध संकलन केंद्र असेल, मामाचं मेडिकल असेल, बाजार समितीत अडत असेल, तिथे महिनाभर वही घेऊन बस. फॅट कशी लागते, उधारी कशी लिहितात, एक्सपायरीचा माल परत कसा जातो. हे बायोडेटात लिही. मी तरी ते आधी वाचेन.

बे_एरियातला_बंड्या

चांगला सल्ला, पण खडकीकर, तुमच्याकडे जागा किती? पूर्वी आठ फ्रेशर घ्यायचात, आता?

खडकीकर

दोन मंजूर आहेत. त्यातली एक होल्डवर.

मनवा

हेच. एकेकट्याने कितीही हुशारी केली तरी दोनच जागा असतील तर सहा जण बाहेरच राहणार. काकांनी विचारलं ते कुणी मनावर घेतलं नाही.

सई_ऐरोली

मी घेतलंय. आमच्याकडे नुकतंच नवं अपॉइंटमेंट लेटर आलं, सह्या करायला आठवड्याची मुदत. त्यात एक नवं कलम आहे: कामाच्या वेळेतली सगळी संभाषणं, स्क्रीन रेकॉर्डिंग आणि 'कार्यपद्धती' कंपनीच्या मालकीची, आणि ती कुठल्याही स्वयंचलित प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी वापरता येईल. मोबदल्याचा उल्लेख नाही. फ्लोअरवर अर्ध्यांनी न वाचता सही केली. बाकीचे आम्ही थांबलोय. इथे आणखी कुणाला असं कलम आलंय का?

खडकीकर

आमच्याकडे एनडीएमध्ये (गोपनीयतेच्या करारात) साधारण तसंच आहे, पण 'कार्यपद्धती' हा शब्द नाही. तो कुणीतरी विचार करून घातलेला दिसतो.

पेन्शनर_पाध्ये

सई, कंपनीचं नाव आणि तुझं नाव काढून ते कलम जसंच्या तसं इथे टाक. माझ्याकडे आमच्या जुन्या करारांच्या प्रती माळ्यावर आहेत, उद्या काढतो. मशीनवर कुठलं काम जाईल आणि त्याबद्दल काय मिळेल, हे त्यात कसं घातलं होतं ते ताडून बघू. आणि सही न केलेले किती जण आहात, तेवढं मला व्यनितून (खासगी निरोपातून) कळव.